तिरुवल्लिकेणी : एका लुप्त मतदारसंघाची कथा

गाव उजाड झाले तर लोक हळहळतात. मतदारसंघ नाहीसा झाला तर त्याची नोंद राजपत्रात होते आणि बहुधा तेथेच राहते. वास्तविक मतदारसंघ हेही एक प्रकारचे गावच असते. त्याला सीमा असतात, वस्ती असते, अभिमान असतो, आणि राज्याच्या सभागृहात त्याच्या नावाची एक जागा असते. मद्रास शहरातील, म्हणजे १९९६ पासून ज्याला चेन्नई म्हणतात त्या नगरातील, तिरुवल्लिकेणी या मतदारसंघाची कथा या दृष्टीने ऐकण्यासारखी आहे.

तिरुवल्लिकेणी हे नाव तमिळ. 'तिरु' म्हणजे श्री किंवा पवित्र, 'अल्लि' म्हणजे कुमुद, आणि 'केणी' म्हणजे कुंड. पवित्र कुमुदकुंडाचे हे गाव इंग्रजांच्या जिभेवर 'ट्रिप्लिकेन' झाले. येथील पार्थसारथीचे मंदिर पल्लवकालीन, आठव्या शतकातील. १६७६ साली ईस्ट इंडिया कंपनीने गोवळकोंड्याच्या सुलतानाकडून हे गाव खंडाने घेतले. त्यानंतर शंभर वर्षे लोटण्यापूर्वीच, १७६८ साली, अर्काटचा नवाब महंमद अली वालाजा याने शेजारच्या चेपॉक येथे आपला प्रासाद उभारला. १७९५ साली वालाजा मशीद बांधली गेली. वैष्णवांचे मंदिर आणि नवाबाची मशीद यांच्या आसऱ्याने दोन समाज येथे शेजारी म्हणून नांदू लागले. सागरकिनाऱ्यावरील 'मरीना' हा विहारमार्ग माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ या गव्हर्नराने आखविला. मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या जेम्स ग्रँट डफचा हा पुत्र. मुंबईच्या एल्फिन्स्टनसाहेबाचे नाव पित्याने त्यास दिले होते.

या वस्तीला मताचा अधिकार मिळण्याच्या पुष्कळ आधी वाणी लाभली होती. १८७८ साली टी. मुथुस्वामी अय्यर यांची मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदी नेमणूक झाली, तेव्हा गोऱ्यांच्या वृत्तपत्रांनी तिच्यावर टीकेचा गहजब केला. त्याला उत्तर देण्यासाठी ट्रिप्लिकेन लिटररी सोसायटीतील सहा तरुणांनी 'द हिंदू' हे साप्ताहिक काढले. १९०४ साली येथेच ट्रिप्लिकेन अर्बन को-ऑपरेटिव्ह सोसायटी स्थापन झाली; ग्राहकांच्या सहकाराचा देशातील तो एक आद्य प्रयोग होय. महाकवी सुब्रह्मण्य भारती यांनी आयुष्याचे अखेरचे दिवस येथेच काढले. १९०७ च्या सुरत काँग्रेसमध्ये ते लोकमान्य टिळकांच्या बाजूने उभे राहिले होते. ट्रिप्लिकेनच्या वाळवंटात जेथे स्वराज्याच्या सभा भरत, त्या जागेस लोकांनी लोकमान्यांचेच नाव दिले. इंग्रजीत ती 'टिळक घाट' झाली, तमिळमध्ये 'तिलकर तिडल'.

त्या वाळूवर बसणाऱ्या श्रोत्यांपैकी फारच थोड्यांना मत होते. १९१९ च्या सुधारणा-कायद्याखाली मताधिकार मालमत्तेशी व कराशी बांधलेला होता. १९२१ साली मद्रास इलाख्याने स्त्रियांना मत देण्याचा मान ब्रिटिश प्रांतांत प्रथम मिळविला खरा. परंतु मालमत्तेची अट त्यांनाही होतीच. प्रौढ मताधिकाराची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली, तेव्हा कुठे वाळूवरील श्रोता मतदार झाला.

पुढील काळात या मतदारसंघाने राज्याच्या राजकारणात मोठे स्थान मिळविले. १९६२ साली व्ही. आर. नेडुंचेळियन येथून द्रविड मुन्नेत्र कळघमच्या वतीने निवडून आले आणि विधानसभेत विरोधी पक्षाचे नेते झाले. १९६७ साली ते पुन्हा निवडून आले, त्यांचा पक्ष अधिकारारूढ झाला, आणि ते शिक्षणमंत्री झाले. ३ फेब्रुवारी १९६९ रोजी मुख्यमंत्री अण्णादुराई निवर्तले. त्या शोकाच्या आठवड्यात राज्याची धुरा हंगामी मुख्यमंत्री म्हणून ट्रिप्लिकेनच्या या प्रतिनिधीनेच वाहिली. २००६ साली बदर सईद या विधिज्ञ महिला अण्णा द्रमुक पक्षाच्या वतीने येथून विजयी झाल्या. मंदिर व मशीद यांच्या या मतदारसंघाच्या त्या अखेरच्या प्रतिनिधी ठरल्या.

तो नाहीसा का झाला, याचे उत्तर गणितात आहे. लोकसभा व विधानसभा यांतील राज्यवार जागांची संख्या १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७१ च्या जनगणनेवर स्थिर केली होती. लोकसंख्येस आळा घालणाऱ्या राज्यांचे त्यामुळे नुकसान होऊ नये, हा त्यातील हेतू. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढविली. मात्र राज्याच्या अंतर्गत सीमा नव्याने आखण्यास मोकळीक ठेविली. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने २००१ च्या जनगणनेवरून ते काम केले, आणि २००८ साली नवी रचना अमलात आली. तमिळनाडू विधानसभेच्या २३४ जागा तशाच राहिल्या. चेन्नई जिल्ह्याच्या १४ जागांच्या १६ झाल्या. पण ही वाढ वेलाचेरी, विरुगंबाक्कम, कोळत्तूर अशा नव्या वस्त्यांच्या वाट्यास आली. जुन्या नगरातील पार्क टाऊन व पुरसवाक्कम ही नावे यादीतून गेली. ट्रिप्लिकेन आणि चेपॉक यांचा मिळून 'चेपॉक-तिरुवल्लिकेणी' असा एकच मतदारसंघ झाला. लोकसभेसाठी ट्रिप्लिकेन पूर्वी दक्षिण चेन्नईत होते. ते मध्य चेन्नईत गेले. रस्ते, घरे, मंदिर, मशीद सारे जागच्या जागी राहिले, आणि तरीही मतदार एका नकाशातून दुसऱ्यात गेला.

महाराष्ट्राला हा अनुभव परका नाही. त्याच पुनर्रचनेत मुंबई शहर जिल्ह्याच्या विधानसभेतील जागा १७ वरून १० वर आल्या, आणि उपनगरांच्या १७ वरून २६ झाल्या. गिरणगावातून माणसे जिकडे गेली, तिकडे जागाही गेल्या. कोकणातील राजापूर हा लोकसभेचा मतदारसंघही त्याच वेळी लुप्त झाला. नाथ पै यांनी १९५७ पासून तीन वेळा आणि मधु दंडवते यांनी १९७१ पासून पाच वेळा ज्या नावाने लोकसभेत स्थान भूषविले, ते नाव 'रत्नागिरी-सिंधुदुर्ग' या जोडनावात मावले नाही. ट्रिप्लिकेनचे भाग्य त्या मानाने बरे. त्यास निदान जोडनावात तरी जागा मिळाली.

यात अन्याय झाला काय? वेलाचेरीतील नागरिकाचे मत ट्रिप्लिकेनमधील नागरिकाच्या मताहून हलके असावे, असे कोणी न्यायबुद्धीने म्हणू शकणार नाही. मतांचे मोल समान ठेवावयाचे, तर माणसे हलतील तशा सीमाही हलल्या पाहिजेत. परंतु दुसरी बाजूही खोटी नाही. शंभर वर्षे एकत्र सभा भरविलेल्या, एकत्र दुकान चालविलेल्या, एकत्र भांडलेल्या वस्तीला स्वतःचे एक मन घडलेले असते, आणि लोकसंख्येच्या कोष्टकात त्या मनाचा रकाना नसतो.

या दोहोंचा मेळ घालण्याची वाट कायद्याने अगदीच बंद केलेली नाही. २००२ च्या परिसीमन कायद्याप्रमाणे आयोगास आपले प्रस्ताव प्रसिद्ध करावे लागतात, हरकती मागवाव्या लागतात, आणि जाहीर बैठकीत लोकांचे म्हणणे ऐकावे लागते. अंतिम आदेश राजपत्रात आल्यावर मात्र त्यास कायद्याचे बळ येते, आणि त्यावर न्यायालयात प्रश्न उपस्थित करता येणार नाही असे तोच कायदा सांगतो. म्हणजे बोलावयाची वेळ आधीची आहे, नंतरची नव्हे. पुष्कळ नागरिकांना ही बैठक भरते हेच ठाऊक नसते. नकाशा बदलल्याचे त्यांना कळते ते मतदानाच्या दिवशी यादीत नाव शोधताना.

मतपत्रिका हाती नसताना ज्या वस्तीने वृत्तपत्र काढले आणि वाळूवर बसून स्वराज्याची भाषणे ऐकली, तिचा इतिहास येथे उपयोगी पडावा. सीमा पुन्हा आखल्या जातील, आणखी काही नावे पुसली जातील. त्या वेळी जाहीर बैठकीतील रिकाम्या खुर्च्या भरल्या, तर जुन्या वस्तीचे मन निदान नोंदविले तरी जाईल.