सन १९५६ आणि आपण



राजेरजवाड्यांच्या सनावळ्या आपण पाठ करतो; परंतु आपल्याच घरातल्या ट्रंकेत ठेवलेला इतिहास वाचत नाही. म्हणून आज एकच साल घेतो : १९५६.

त्या साली राज्य पुनर्रचना कायदा झाला. १ नोव्हेंबरपासून देशात १४ राज्ये आणि ६ केंद्रशासित प्रदेश झाले. हैदराबाद राज्यातील मराठवाड्याचे पाच जिल्हे, मध्य प्रदेशातील विदर्भाचे आठ जिल्हे आणि कच्छ-सौराष्ट्र मुंबई राज्याला जोडले गेले. बेळगाव म्हैसूरकडे गेले. घर तेच, विहीर तीच, शेजारीही तेच. राज्य तेवढे बदलले! म्हणूनच बीड-नांदेडकडच्या एखाद्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर हैदराबादचे नाव असते आणि मुलाच्या दाखल्यावर महाराष्ट्राचे. नातवाला वाटते, आजोबा परमुलखातून आले. मुलांनो, आजोबा जागचे हललेले नाहीत, सीमा हलली. पालकहो, असा दाखला उर्दूत असो, त्याच्या घड्या फाटलेल्या असोत, तो रद्दीत घालू नका. नावाचे स्पेलिंगही आताच ताडून पाहा. अर्ज भरायच्या आदल्या रात्री नव्हे.

हे द्विभाषिक राज्य मराठी माणसाला मान्य नव्हते. जानेवारीत मुंबईत गोळीबार झाला, माणसे मेली. मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी राजीनामा दिला. बार्शीचे शाहीर अमर शेख यांच्या डफाने सभा पेटत. हा लढा अमुक एका समाजाचा होता असे कोणी सांगितले, तर या शाहिराचे नाव घ्या. महाराष्ट्र राज्य झाले ते १९६० साली.

शिक्षणाच्या बाजूनेही हे साल मोठे. विद्यापीठ अनुदान आयोगाला याच वर्षी कायद्याचे अधिष्ठान मिळाले. शिक्षणमंत्री होते मौलाना आझाद. स्वतः घरीच शिकलेला हा विद्वान देशाच्या विद्यापीठांची घडी बसवत होता! आयोगाचे अध्यक्षपद पुढे त्याच देशमुखांकडे आले. ऑगस्टमध्ये तुर्भ्याला 'अप्सरा' ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि ६ डिसेंबरला ते गेले. मुंबईचे सिद्धार्थ आणि औरंगाबादचे मिलिंद ही महाविद्यालये त्यांच्याच संस्थेची. शिक्षण संस्था चालवणाऱ्यांनी त्यांचे ते काम जरूर अभ्यासावे.

नोव्हेंबरात अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी मंत्रिपद सोडले. आज हे सांगितले की मुले विचारतात, गाडी ते चालवत होते का!

आता खेळाचे, कारण मागच्या रांगा केव्हाच्या चुळबुळत आहेत. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हॉकीचे सुवर्णपदक आपण राखले, हे सर्वांना ठाऊक आहे. फुटबॉलचे फारसे कोणी सांगत नाही. आपण ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यांतले तीन गोल गोव्यात जन्मलेल्या नेव्हिल डिसोझाचे. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाकडून हरलो आणि चौथे आलो. या संघाचे प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने ते शाळामास्तर होते.