उच्चायोगातला कारकून

भारत-पाकिस्तान संबंध बिघडले की उच्चायोगातली माणसे कमी केल्याची बातमी येते, आणि आपण ती ओलांडून पुढे जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानने आपल्या उच्चायुक्तांना परत पाठविले. जून २०२० मध्ये दोन्हीकडची माणसे ११० वरून ५५ वर आली, आणि पहलगामच्या हत्याकांडानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, ती ३० वर आणण्याचे ठरले. त्या प्रसंगी राग येऊ नये असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. पण तिथला कारकून करतो काय, हे आमच्या ध्यानात यावयास बराच काळ लागला.

आपल्या पालघर जिल्ह्यातले खलाशी गुजरातच्या बोटींवर कामास जातात. सर क्रीकपुढच्या समुद्रात सीमा ठरलेली नाही. मासा दिसतो, रेघ दिसत नाही. बोट पकडली गेली की खलाशी कराचीच्या तुरुंगात! शिक्षा भोगून झाली, तरी तो भारतीयच आहे याची खात्री पटेपर्यंत सुटका नाही. २००८ च्या कराराप्रमाणे तीन महिन्यांत आपल्या अधिकाऱ्याने त्याला भेटावयाचे. कराचीतली आपली कचेरी १९९४ मध्येच बंद झाली. अधिकारी येणार तो इस्लामाबादेहून. तोच परत बोलावला, तर त्या खलाशाला ओळखावे कोणी?

माणसे हवी तितकी कमी करा. कैद्यांना भेटणारा एक तरी दोन्हीकडे ठेवा, एवढेच आमचे मागणे. हे अशक्य नाही. मे २०२५ मधल्या तोफा थांबून दोन महिने झाले नव्हते, तरी १ जुलैस कैद्यांच्या याद्या ठरल्याप्रमाणे बदलल्या गेल्या. पाकिस्तानच्या यादीत १९३ मच्छीमार होते.