पोरक्या मुलांचा आत्मसन्मान
(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



मातापित्यांचे छत्र हरपलेल्या मुलांना आपला संघ दरवर्षी वह्या, पुस्तके व गणवेश देतो. ही प्रथा स्तुत्य आहे. २०२०-२१ च्या कोरोनाच्या साथीनंतर तिची निकड अधिकच भासली. तथापि त्या बालकाला व्यासपीठावर बोलावताना त्याच्या नावामागे 'अनाथ' हे विशेषण लावले जाते. वह्या घेऊन ते घरी परतते, पण आपण घेणारे आणि इतर देणारे, ही भावनाही सोबत नेते. गरज भागली, परंतु मान खालीच राहिली, तर आपले कार्य अर्धेच झाले.

आत्मसन्मान उपदेशाने येत नाही. स्वतःच्या हातून एखादे उपयुक्त काम तडीस गेले, म्हणजे तो आपोआप अंकुरतो. अमेरिकेतील शिक्षणशास्त्रज्ञ किलपॅट्रिक यांनी १९१८ साली प्रकल्प-पद्धती मांडली. महात्माजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी बसविले. कार्यातून ज्ञान यावे, हेच दोहोंचे मर्म.

युक्रेनमधील खारकोव शहरी १९२७ साली निराधार मुलांची एक वसाहत निघाली. मकारेंको हे तिचे शिक्षक. मुलांच्या पूर्वायुष्याची चिकित्सा करणे त्यांना मान्य नव्हते. मुले दिवसातून चार तास कारखान्यात काम करीत व उरलेल्या वेळी शाळा शिकत. सुतारकामापासून आरंभ करून त्यांनी विजेवर चालणारी गिरमिटे बनविली, आणि १९३४ पासून 'फेड' नावाचे कॅमेरे नियमितपणे तयार होऊ लागले. तेथील लष्करी शिस्त आपण उचलावी असे मी म्हणत नाही. परंतु रस्त्यावर वाढलेले हात इतके सूक्ष्म काम करू शकतात, हे ध्यानी घ्यावे.

पुण्यात १९०९ साली स्थापन झालेले अनाथ विद्यार्थी गृह आज 'पुणे विद्यार्थी गृह' म्हणून ओळखले जाते. त्या नावातून 'अनाथ' हा शब्द गळला, यात मला मोठा अर्थ दिसतो.

म्हणून माझी नम्र सूचना अशी. आगामी स्मरणिकेतील एक विभाग मुलांच्या स्वाधीन करावा. ज्ञातीतील वृद्धांच्या घरी जाऊन त्यांनी मूळ गाव, व्यवसाय व स्थलांतर यांची माहिती लिहून घ्यावी. गावांचा नकाशा काढावा. कागद व छपाईच्या खर्चाचा हिशेब मांडावा. भाषा, भूगोल आणि गणित तिन्ही त्यात येतात. मात्र तीन पथ्ये पाळावीत. काम लुटुपुटीचे नसावे. आईबाप असलेली व नसलेली मुले एकत्र असावीत. चूक झाल्यास ती मुलांनीच दुरुस्त करावी; वडीलधाऱ्यांनी परस्पर काम उरकू नये. शेवटी प्रत्येकाचे नाव, कोणत्याही विशेषणाविना, छापावे.

वर्षअखेरीस तो अंक घरोघर पोहोचेल, तेव्हा तीच मुले देणारी ठरतील आणि आपण घेणारे. कार्यकारी मंडळाने या सूचनेचा विचार करावा, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.