तेराव्या फेरीचं गणित : अली, मार्सियानो आणि कधीच न झालेल्या लढती

हेडफोन नीट लावा, आज भांडणाचा विषय आहे. अली विरुद्ध टायसन. मार्सियानो विरुद्ध टायसन फ्युरी. डेम्प्सी विरुद्ध कुणीही. तुमच्या फोनवर अशी रील्स रोज येत असणार. दोन फोटो शेजारी शेजारी, मध्ये आगीचा इफेक्ट, खाली प्रश्न, ‘कोण जिंकेल?’ आणि उत्तरं देणारे सगळे एकदम ठाम.

मजा अशी की हा खेळ नवा नाही. पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी एका माणसाने तो कॉम्प्युटरवर खेळून बघितला, तोही खऱ्या बॉक्सरांना घेऊन.

मायामीचा रेडिओ निर्माता मरे वोरोनर. १९६७ साली त्याने सोळा हेवीवेट चॅम्पियन्सची काल्पनिक स्पर्धा भरवली. जाणकारांना विचारून प्रत्येकाचे गुणदोष काढले, आकडे बनवले आणि खोलीभर पसरलेल्या कॉम्प्युटरला दिले. निकाल आला की रेडिओवर कॉमेंट्री, जणू मॅच खरीच चालू आहे. त्यात मोहम्मद अली हरला जिम जेफ्रीजकडून. जेफ्रीज म्हणजे १९०५ ला निवृत्त झालेला आणि १९१० ला परत येऊन जॅक जॉन्सनकडून बेदम मार खाल्लेला माणूस. अली भडकला. त्याने थेट दहा लाख डॉलरचा दावा ठोकला.

आता हे लक्षात घ्या, त्या वेळी अलीकडे दुसरं काहीच नव्हतं. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला म्हणून १९६७ च्या एप्रिलमध्ये त्याचा किताब काढून घेतला, लायसन्स काढून घेतलं. पंचवीस वर्षांचा पोरगा, अंगात वीज, आणि रिंगमध्ये पाऊल टाकायला बंदी. मग तडजोड झाली. दावा सोडून दे, थोडे पैसे घे आणि रॉकी मार्सियानोबरोबर एक खोटी मॅच शूट कर.

मार्सियानो तेव्हा पंचेचाळीस वर्षांचा. निवृत्त होऊन तेरा वर्षं झालेली. ४९ मॅच, ४९ विजय. गड्याने या शूटिंगसाठी वीसेक किलो वजन उतरवलं, डोक्यावर विग चढवला. १९६९ साली दोघं एक-एक मिनिटाच्या कितीतरी फेऱ्या कॅमेऱ्यासमोर खेळले. शेवट एक नाही, अनेक शूट केले, म्हणजे दोघांनाही निकाल माहीत नव्हता. शूटिंग संपलं आणि ३१ ऑगस्टला, सेहेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, मार्सियानो विमान अपघातात गेला. २० जानेवारी १९७० ला सिनेमा थिएटरांत लागला तेव्हा अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी काय पाहिलं? मार्सियानो तेराव्या फेरीत अलीला नॉकआउट करतो.

आजचा सगळा एपिसोड या ‘तेराव्या’वर आहे.

कॉम्प्युटरने तेरा हा आकडा आकाशातून आणला नव्हता. मार्सियानोने किताब जिंकला तो २३ सप्टेंबर १९५२ ला, जर्सी जो वॉलकॉटला हरवून. पहिल्याच फेरीत मार्सियानो खाली पडला होता. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही गुणपत्रिकांवर वॉलकॉट पुढे होता. तेराव्या फेरीत मार्सियानोचा उजवा ठोसा बसला, वॉलकॉट दोरांवर घसरत खाली, खेळ खलास.

अजून मागे जाऊ. १८ जून १९४१, न्यूयॉर्क. जो लुईस विरुद्ध बिली कॉन. कॉन खालच्या वजनगटातला, लुईसपेक्षा दहाएक किलोने हलका, पण पाय असे चालवतो की लुईसला सापडतच नाही. बारा फेऱ्यांनंतर दोन गुणपत्रिकांवर कॉन पुढे, तिसरीवर बरोबरी. आता फक्त लांब राहायचं, पळायचं. पण याला नॉकआउट करायची हौस आली. तेराव्या फेरीत तो भिडायला गेला आणि लुईसने त्याला झोपवला.

आता मला सांगा, आज टायटल मॅच किती फेऱ्यांची असते? बारा!

म्हणजे आजच्या नियमाने त्या रात्री वॉलकॉट चॅम्पियन राहतो आणि तुमचा ४९-० कुठेच नसतो. आजच्या नियमाने कॉन जिंकतो आणि लुईसची सलग २५ वेळा किताब राखण्याची गोष्ट मध्येच तुटते. पंधराच्या बारा फेऱ्या झाल्या त्याला कारणही तसंच होतं. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीबरोबर चौदा फेऱ्या लढलेला कोरियाचा किम दुक-कू कोसळला आणि काही दिवसांतच वारला. वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने लगेच फेऱ्या कमी केल्या. बाकीच्या संघटनांनीही ते दशक संपेपर्यंत तेच केलं. नियम बरोबरच होता. पण ‘मार्सियानो विरुद्ध फ्युरी’ म्हणताना आपण ही मॅच कुठल्या सालात लावतोय ते कुणी बोलतच नाही.

डेम्प्सीचं घ्या. ४ जुलै १९१९, टोलेडो शहर, समोर जेस विलार्ड, साडेसहा फूट उंच, सुमारे १११ किलो. डेम्प्सी ८५ च्या आसपास. पहिल्या फेरीत विलार्ड सात वेळा पडला. क्लिप बघितली असेल तर आठवा, तो उठतोय न उठतोय तोवर डेम्प्सी शेजारीच उभा आणि पुन्हा ठोसा. तेव्हा ते चालायचं. पुढे नियम आला की समोरचा पडला की तुम्ही लांबच्या कोपऱ्यात जायचं, मगच रेफरी मोजायला लागणार. १९२७ ला शिकागोमध्ये याच डेम्प्सीने जीन टनीला सातव्या फेरीत पाडलं आणि सवयीने तिथेच घुटमळला. रेफरी थांबला, टनीला जादा सेकंद मिळाले, तो उठला आणि गुणांवर जिंकला.

म्हणून डेम्प्सी विरुद्ध माइक टायसन याला माझी दोन उत्तरं आहेत. १९१९ चे नियम, हलके ग्लोव्हज, पडलेल्याच्या डोक्यावर उभं राहायची मुभा, तर डेम्प्सी. आजचे नियम असतील तर टायसन, आणि फार वेळ लागणार नाही. टायसन त्याच्यापेक्षा बारा-तेरा किलोने जड आणि हाताने तेवढाच चपळ. आज डेम्प्सी आणि मार्सियानो दोघंही हेवीवेट नसतेच म्हणा. ९०.७ किलोपर्यंत आता क्रूझरवेट गट आहे, ते तिथे खेळले असते.

लगेच कुणीतरी म्हणेल, मग झालं की, आजचे राक्षस कुणालाही खातील. थांबा जरा. २०२४ च्या डिसेंबरमध्ये फ्युरी सुमारे १२७ किलोचा होता, उसिक १०२ चा. कोण जिंकला? उसिक, आणि तेही दुसऱ्यांदा, मे महिन्यात आधीच एकदा हरवून झालेलं. आणि हा उसिक क्रूझरवेटमधून वर आलेला. वजनाचा फायदा असतोच, पण ठोसा लागला तर.

शिवाय जॉर्ज फोरमन. १९७३ साली चॅम्पियन झालेल्या माणसाने ५ नोव्हेंबर १९९४ ला, पंचेचाळिसाव्या वर्षी, मायकेल मूररला दहाव्या फेरीत झोपवून पुन्हा किताब घेतला. दोन पिढ्यांची खरोखर गाठ पडली ती अशी. त्या रात्रीही तो गुणांवर मागेच होता. सत्तरच्या दशकातला ठोसा नव्वदीतही तसाच लागतो, एवढं तरी त्यावरून कळलं.

पण फोरमननेच आपलं सगळं त्रैराशिक मोडून ठेवलंय. बघा, फ्रेझरने १९७१ ला अलीला हरवलं. नॉर्टनने १९७३ ला अलीचा जबडा मोडला. फोरमनने दोघांनाही दुसऱ्याच फेरीत संपवलं, फ्रेझरला तर सहा वेळा पाडून. मग अलीचं काय व्हायला हवं होतं? आणि किन्शासात १९७४ ला आठव्या फेरीत खाली कोण पडला? फोरमन! एकाच काळातले चौघं, तरी हिशोब जुळत नाही. आणि आपण शंभर वर्षांच्या अंतरावरचा जुळवायला बसतो.

मला मात्र वेगळ्याच लढतींचं जास्त वाईट वाटतं. ज्या होऊ शकत होत्या. सॅम लँगफर्ड, आपल्या काळातला सगळ्यात भीतीदायक बॉक्सर, त्याला हेवीवेटच्या किताबासाठी कधी संधीच मिळाली नाही. हॅरी विल्स डेम्प्सीच्या मागे वर्षानुवर्षं होता. गोष्ट करारापर्यंत गेली, मॅच झाली नाही. दोघंही कृष्णवर्णीय, वेगळं सांगायला नको. जॅक जॉन्सन चॅम्पियन झाल्यावर गोऱ्या अमेरिकेला पुन्हा ते बघायचं नव्हतं. त्यामुळे डेम्प्सीला कुठल्याही यादीत वर ठेवताना माझा हात जरा अडखळतो. आपण त्याला टायसनशी लढवतो, पण शेजारी उभा असलेला विल्स राहूनच गेला.

आणि अली. मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७०, साडेतीन वर्षं. बॉक्सरचं आयुष्य असतं केवढं? त्या काळात तो लढला ते फक्त वोरोनरच्या कॅमेऱ्यासमोर, विग घातलेल्या एका रिटायर माणसाशी. तिकडे १९६८ मध्ये जो फ्रेझर न्यूयॉर्कपुरता चॅम्पियन झाला होता. दोघंही विशीत, दोघंही अजिंक्य.

तर माझी मॅच ही. १९६८, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, अली विरुद्ध फ्रेझर, पंधरा फेऱ्या. १९७१ ला अली हरला तेव्हा बंदीनंतर त्याच्या जेमतेम दोन मॅच झाल्या होत्या. पाय मंदावले होते, दोरांना टेकून विश्रांती घेत होता, आणि पंधराव्या फेरीत डाव्या हुकने त्याला पाडलं. १९६६ ला ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलंड विल्यम्सला तीन फेऱ्यांत गुंडाळणारा अली यूट्यूबवर बघा. तो दोरांना टेकतच नाही. फ्रेझरचा हुक त्याला एक-दोनदा लागेल, सुटका नाही. पण माझ्या गुणपत्रिकेवर अली, नऊ फेऱ्या विरुद्ध सहा.

तुमची मॅच मला व्हॉइस नोटवर पाठवा. फक्त दोन नावं पाठवू नका. कुठलं साल, किती फेऱ्या, तेही सांगा. भेटू पुढच्या शुक्रवारी.