जुन्या कैद्यांना नवे कलम

१ जुलै २०२४ रोजी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली. परंतु त्या दिवशी प्रलंबित असलेले खटले १९७३च्या संहितेनुसारच चालावेत, असे तिच्याच कलम ५३१ने ठरविले. त्यामुळे सत्र न्यायाधीशांच्या मेजावर आज दोन संहिता शेजारी-शेजारी असतात. गैरसोयीचे खरे, पण त्याने कोणाचे फारसे बिघडत नाही. प्रश्न होता तो कच्च्या कैद्यांचा. जुन्या कलम ४३६-अ प्रमाणे कमाल शिक्षेचा निम्मा काळ कोठडीत गेल्यावर सुटकेची वाट उघडे. नव्या कलम ४७९ने, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यासाठी, ती मर्यादा एक-तृतीयांशावर आणली. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे अर्थातच वगळून. मग ३० जूनला कोठडीत असलेल्याने निम्मा काळ भोगायचा काय? ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम जुन्या कैद्यांनाही लागू केले. कार्यपद्धतीत कोणाचाही निहित हक्क नसतो, असे त्याच न्यायालयाने १९५८ मध्ये अनंत गोपाळ शेवडे खटल्यात म्हटले होते. तेव्हा बदल आरोपीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहू देणारा होता. आताचा त्याला तुरुंगाबाहेर आणणारा आहे. अर्ज मात्र तुरुंग अधीक्षकाने करावयाचा आहे, आणि त्यासाठी प्रत्येक कैद्याच्या कोठडीचे दिवस मोजावे लागतात.