पडद्यावरची तलवार

द्वंद्वयुद्धाचा चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाच्या कानांत बराच वेळ एक नाद घुमत राहतो. पोलादावर पोलाद आदळल्याचा. खऱ्या लढतीत हा नाद म्हणजे अडविला गेलेला, अर्थात वाया गेलेला वार. लढवय्याचे लक्ष्य प्रतिस्पर्ध्याचे शरीर असते, त्याचे पाते नव्हे. पात्यावर पाते आपटत राहिले तर धारेला खाचा पडावयाच्या. पडद्यावर मात्र दोन्ही वीर एकमेकांच्या तलवारींनाच झोडपीत असतात. याचे कारण उघड आहे. खऱ्या लढवय्याची हालचाल शत्रूला दिसू नये अशी बेतलेली असते, तर नटाची हालचाल शेवटच्या रांगेतील प्रेक्षकालाही दिसावी लागते.

१९३८ साली हॉलिवूडमध्ये निघालेला ‘रॉबिन हूड’चा चित्रपट या कलेचा उत्तम नमुना मानला जातो. एरल फ्लिन आणि बॅझिल रॅथबोन यांचे त्यातील द्वंद्व फ्रेड कॅव्हेन्स या बेल्जियन वस्तादाने बसविले होते. कथा बाराव्या शतकातील. त्या काळचा योद्धा अंगात साखळ्यांचे चिलखत घाली, डाव्या हाती ढाल धरी, आणि साधारण किलो-सव्वा किलोच्या सरळ, रुंद तलवारीने वार करी. चित्रपटातील वीर ढाल टाकून, जिने चढत-उतरत जी चपळाई दाखवितात, ती कित्येक शतके नंतरच्या युरोपीय आखाड्यातली. तरीही खांबावर पडलेल्या त्या दोन झुंजणाऱ्या सावल्या एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. गमतीची गोष्ट अशी की, दोघांत खरा तरबेज तलवारबाज रॅथबोन. पण खलनायकाची भूमिका वाट्याला आल्याने या चित्रपटात, त्याआधी १९३५ च्या ‘कॅप्टन ब्लड’मध्ये आणि पुढे १९४० च्या ‘मार्क ऑफ झोरो’मध्येही त्यालाच मरावे लागले!

जपानमध्ये अकिरा कुरोसावा यांनी १९५४ च्या ‘सेव्हन सामुराई’साठी वेगळा मार्ग धरला. तलवारीच्या प्रसंगांसाठी त्यांनी योशिओ सुगिनो यांना पाचारण केले. सुगिनो हे कातोरी शिंतो-र्‍यू या पंधराव्या शतकापासून चालत आलेल्या परंपरेतील गुरू. या परंपरेचा सराव मोठा विलक्षण आहे. ठरलेल्या डावांत शिष्याची तलवार जोडीदाराच्या तलवारीवर वारंवार आदळते. परंतु पुष्कळदा जो वार पात्यावर थांबलेला दिसतो, तो प्रत्यक्षात मनगटावर किंवा मानेवर जावयाचा असतो. सराव दीर्घकाळ चालावा, कोणी जखमी होऊ नये आणि पाहणाऱ्या परक्याला विद्येचे मर्म कळू नये, म्हणून ही योजना. पडद्यावरच्या खणखणाटाला हसणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेले बरे.

या चित्रपटातील क्यूझो नावाच्या सामुराईचे द्वंद्व आवर्जून पाहण्याजोगे आहे. दोघे जण तलवारीऐवजी काठ्या घेऊन समोरासमोर उभे राहतात. बराच वेळ काहीच घडत नाही. मग एक झेप, दोन फटके, आणि सामना संपतो. प्रतिस्पर्धी म्हणतो, बरोबरी झाली. क्यूझो शांतपणे सांगतो की, खऱ्या तलवारी असत्या तर तू मेला असतास. त्या गड्याचा अहंकार दुखावतो आणि तो खऱ्या तलवारीचा हट्ट धरतो. पुन्हा तेच पवित्रे, तीच स्तब्धता, तोच एक क्षण. आणि तो गडी हळूहळू कोसळतो. काठीच्या खेळात ज्याला बरोबरी वाटली, ते अंतर चार बोटांचेही नसेल. त्या चार बोटांत एका माणसाचा जीव गेला. वीस वेळा खणखणणाऱ्या तलवारींत मरणाचा हा हिशेब कधीच दिसत नाही.

कुरोसावांनीही अतिशयोक्ती केलीच. १९६२ च्या ‘सांजुरो’मध्ये अखेरच्या द्वंद्वात दोन वीर श्वास रोखून उभे राहतात आणि निमिषार्धात निकाल लागतो. इथवर सारे खरे. पण नंतर उसळणारे रक्ताचे कारंजे यंत्राने उडविलेले, आणि पुढच्या चित्रपटांनी नक्कल केली ती नेमकी त्या कारंजाची.

‘सेव्हन सामुराई’तील लढाईचा तपशील मात्र पारखून घेतलेला आहे. शेतकऱ्यांच्या हाती बांबूचे भाले आहेत, आणि युद्धात तलवारीपेक्षा भाल्याचेच काम अधिक असे. किकुचियो हा सामुराई चिखलात अनेक नंग्या तलवारी रोवून ठेवतो; कारण एकच पाते इतक्या माणसांना पुरणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. दरोडेखोरांकडे तोड्याच्या तीन बंदुका आहेत. १५४३ साली पोर्तुगिजांबरोबर जपानात आलेल्या या शस्त्रापुढे क्यूझोची ती एका क्षणाची विद्या काय करणार? धो धो पावसात, कोठून गोळी आली हे कळण्यापूर्वीच तो पडतो. सातांपैकी चार सामुराई मरतात, ते चौघेही बंदुकीने. शेवटच्या दृश्यात टेकडीवर त्यांच्या मातीच्या चार समाध्या दिसतात, आणि प्रत्येकीच्या माथ्यावर एकेक तलवार रोवलेली आहे.