उमेदवाराला काय विचारावे?



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. मालकापुढे मागणीपत्र ठेवण्यापूर्वी पाहतो, मागणी पुरी करणे त्याच्या हातात आहे काय? जिल्हा परिषदेच्या उमेदवाराला मात्र हा निकष आम्ही लावला नाही.

१९९९ साली परभणीतून आपला हिंगोली जिल्हा वेगळा झाला. २०१७ च्या निवडणुकीत कोणी म्हणाला, हळदीला भाव देऊ. कोणी म्हणाला, कारखाना आणू. आम्ही टाळ्या दिल्या. पण हळदीचा भाव परिषद ठरवीत नाही! तिच्याकडे आहेत प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, गावचे रस्ते, पाणी. आईबाप ऊसतोडीला गेले तर पोराची शाळा कशी टिकेल, बाळंतिणीला रात्री केंद्रात नर्स भेटेल काय, हे ना ते बोलले, ना आम्ही विचारले.

२०२२ साली मुदत संपली, कारभार प्रशासकाकडे गेला. मग विचारावे म्हटले, तर आपण निवडलेला माणूसच उरला नव्हता.

म्हणून उमेदवार दारी आला की त्याला बसवा, पाणी द्या आणि विचारा, "हे तुमच्या हातात आहे काय? असेल तर पैसा कुठून काढाल?" उत्तर वहीत लिहून ठेवा. पाच वर्षांनी तीच वही आपले मागणीपत्र होईल.